आजी सोडून सगळे

घरात कुणाला मोठं दुखणं निघालं की मराठी कुटुंब सगळ्यात आधी काय करतं? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेत नाही, मेडिक्लेमचे कागद शोधत नाही. आधी व्हॉट्सअॅपवर दुसरा ग्रुप काढतं. पहिला ग्रुप ‘आपलं घर’. त्यात आई असते, तिची सुप्रभातची फुलं असतात. दुसरा ‘आपलं घर 2’. त्यात आई नसते, तिचा बायॉप्सीचा रिपोर्ट असतो. पहिल्यावर “काल झोप लागली का गं?” आणि त्याच मिनिटाला दुसऱ्यावर “डॉक्टर म्हणाले, पसरलंय.” कोथरूडची आत्या, डोंबिवलीचे काका, न्यू जर्सीचा धाकटा, सगळे दोन्हीकडे हजर. मग एका रात्री हा न्यू जर्सीचा धाकटा घाईघाईत भलत्याच ग्रुपवर विचारतो, “केमोची तारीख मिळाली का?” अर्ध्या मिनिटात मेसेज पुसला जातो. सकाळी आई म्हणते, “काय रे पुसलंस?” “काही नाही गं, एक विनोद होता. जरा चावट होता.” आई म्हणते, “बरं.” आईने तो वाचलेला असतो.

ज्यांच्या घरात हा दुसरा ग्रुप अजून निघालेला नाही, त्यांचं अभिनंदन. बाकीच्यांसाठी या आठवड्यात एक सिनेमा.

‘द फेअरवेल’, साल 2019. लेखन-दिग्दर्शन लुलू वांग. ही बाई जन्माने चिनी, सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेली. गोष्ट तिच्याच घरातली. सुरुवातीलाच पडद्यावर कबुली येते की हा सिनेमा एका खऱ्याखुऱ्या थापेवर आधारित आहे. सत्यघटनेवर आधारित म्हणवणाऱ्या सिनेमांच्या गर्दीत इतका प्रामाणिकपणा मी पाहिला नव्हता.

ईशान्य चीनमध्ये चांगचुन नावाचं शहर आहे, मोटारींच्या कारखान्यांचं. तिथे आजी राहते. वडिलांच्या आईला तिकडे ‘नाय नाय’ म्हणतात, तेच तिचं सिनेमाभर नाव. नाय नायला फुप्फुसाचा कॅन्सर निघतो. चौथी स्टेज, डॉक्टरांच्या हिशेबाने तीन महिने. रिपोर्ट नाय नायच्या धाकट्या बहिणीच्या हातात पडतो. ती बाहेर बाकावर बसलेल्या ताईला सांगते, काही नाही, फुप्फुसावर जरा डाग दिसतायत, काळजीचं कारण नाही. आणि घरी येऊन उरलेल्या सगळ्या जगाला फोन करते.

आता अडचण अशी की नाय नायचे दोन्ही मुलगे परदेशी. एक अमेरिकेत, एक जपानमध्ये. दोघं एकाच वेळी आईसमोर उभे राहून पंचवीस वर्षं झालीत. अचानक सहकुटुंब उगवले तर म्हातारी ओळखेल की काहीतरी बिनसलंय. काही निमित्त हवं. जपानमधल्या मुलाचा मुलगा हाओ हाओ, त्याची एक जपानी मैत्रीण आहे, आइको. ओळख होऊन तीन महिने झालेत. ठरलं, या दोघांचं लग्न लावून टाकायचं.

आपल्याकडे हा व्यवहार उलट्या दिशेने चालतो. नातू तिशी ओलांडून गेला की आजीच्या छातीत कळ येते, “माझ्या डोळ्यांदेखत याचं होऊ दे” म्हणून ती अंथरूण धरते, आणि पत्रिका छापून आल्या की उठून पुरणपोळ्या लाटते. आजारपण दाखवून लग्न जमवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. इथे आजारपण लपवायला लग्न जमवलंय. नवरा-नवरीला कुणी विचारलं का? छे. चीन असो की चिपळूण, लग्नाच्या बाबतीत नवरा-नवरीला विचारायची पद्धत कुठेच नाही.

या सगळ्यात एक माणूस गैरसोयीचा. बिली. अमेरिकेतल्या मुलाची मुलगी, न्यूयॉर्कमध्ये राहणारी, लेखिका व्हायच्या खटपटीत, खिशात पैसे नाहीत. तिला चीनला न्यायचंच नाही असं आईवडील ठरवतात, कारण तिच्या तोंडावर सगळं दिसतं. ती क्रेडिट कार्डावर तिकीट काढून एकटी जाऊन थडकते. ऑक्वाफिना ही रॅप गाणारी, विनोदी कामं करणारी नटी या भूमिकेत आहे, आणि तिने खांदे पाडून चालण्यातच अर्धी भूमिका केली आहे. घरात सगळे हसतायत, वाढतायत, आग्रह करतायत, आणि ही भाताचा वाडगा हातात धरून आजीकडे बघत बसलेली. नाय नायला वाटतं, पोरगी न्यूयॉर्कमध्ये उपाशी राहते.

सिनेमाचा पहिलाच प्रसंग बघा. आजी आणि नात फोनवर बोलतायत. आजी विचारते, टोपी घातलीयस ना? नात म्हणते, हो. घातलेली नसते. आजी हॉस्पिटलात असते, मागून तिथली घोषणा ऐकू येते. नात विचारते, कुठेयस? आजी म्हणते, बहिणीकडे. दोघी इतक्या सहज, इतक्या मायेने एकमेकींना फसवतात की मोठी थाप पुढे येते तेव्हा आपल्याला धक्काच बसत नाही. या घराचं आधीपासून असंच चाललंय. आणि तुमचंही, उगीच मान हलवू नका. “जेवलास का?” “हो.” यातलं शेवटचं खरं उत्तर तुम्ही कधी दिलं होतं?

लोक या सिनेमाबद्दल बोलताना खरं सांगावं की लपवावं, या वादात अडकतात. तो वाद सिनेमात आहे, चांगला रंगलेलाही आहे. पण मला त्यात दिसला तो वेगळाच हिशेब. खरं सांगायला एक डॉक्टर आणि पाच मिनिटं पुरतात. खोटं निभवायला किती लागतं? एक धाकटी बहीण, दोन मुलगे, दोन सुना, एक नातू, एक नात, एक नवरी (हिला चिनी भाषा येत नाही, त्यामुळे तिच्याकडून फुटायची भीती सर्वांत कमी), एक हॉल, एक मेन्यू, एक प्रीवेडिंग शूट आणि नवरदेवाच्या चेहऱ्यावर सतत असलेले रडवेले भाव हे प्रेमामुळे आहेत, असं मानणारे शेदोनशे पाहुणे. हा सगळा मनुष्यबळाचा मामला आहे. पंचवीस वर्षांत जे दिवाळीला, वाढदिवसाला, साध्या आठवणीनेही जमलं नाही, ते एका थापेपायी जमलं. घर एकत्र आलं. सिनेमा हसवतो तो इथे, आणि घशात आवंढा अडकतो तोही इथेच.

त्यातले विनोदही कुणी विनोद म्हणून करत नाही. म्हणजे लग्नाच्या मेजवानीत नाय नायने लॉबस्टर सांगितलेलं असतं आणि हॉलवाला खेकडे लावतोय. इथे अख्खं घर तिच्या मरणाच्या चिंतेत, आणि मरणारी बाई हॉलवाल्याची खरडपट्टी काढतेय. आपल्याला लॉबस्टर ठाऊक नसेल, पण “बासुंदी ठरली होती, श्रीखंड कसं काय?” यावरून कार्यालयात झालेली भांडणं ठाऊक आहेत. भांडणाऱ्या बाईचा तो जोर बघून तिला काही झालं असेल यावर कुणाचा विश्वास बसेल? नाय नायचं काम करणाऱ्या झाओ शुझेन या चिनी रंगभूमीवरल्या जुन्या नटीने हा जोर शेवटपर्यंत ढळू दिलेला नाही. ती एकदाही ‘बिचारी’ होत नाही. सकाळी अंगणात उभी राहून हात फेकत ‘हा! हा!’ असा जोरकस आवाज काढत व्यायाम करते आणि नातीलाही करायला लावते. आपल्याकडच्या बागांमधल्या हास्यक्लबातल्या आज्या आठवाव्यात. तो क्लबही 1995 साली मुंबईतल्या लोखंडवालात एका डॉक्टरने काढला होता, तेव्हा नाय नायला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

स्मशानातला प्रसंग तर मी पुन्हा लावून पाहिला. मंडळी आजोबांच्या थडग्यावर जातात. खाणं मांडतात, वाकून नमस्कार करतात, कागदाच्या वस्तू जाळतात. मग प्रश्न येतो, आजोबांना सिगरेट ठेवायची का? त्यांनी सोडली होती ना? त्यावर तिथेच वाद. दशक्रियेला घाटावर उभं राहिलेल्या मराठी माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. कावळा शिवत नाही म्हटल्यावर “अण्णांची तंबाखू ठेवा” असं हळूच सुचवणारा एक मेहुणा प्रत्येक घाटावर असतोच. आणि अण्णांनी तंबाखू 2003 साली सोडली होती असं ठामपणे सांगणारी एक अण्णांची बायकोही.

सगळ्यात झकास जमलेला प्रसंग मात्र हॉस्पिटलातला. नाय नायला खोकला वाढतो म्हणून दाखवायला नेतात. डॉक्टर तरुण, देखणा, इंग्लंडमध्ये शिकून आलेला. बिली त्याला आजीच्या समोर, इंग्रजीत, खरं काय ते विचारते. तो इंग्रजीत सांगतो, खूप पुढे गेलंय. आणि मधे पलंगावर बसलेली आजी दोघांकडे आळीपाळीने बघत खूश होत असते. तिला वाटतं, जमतंय. हा अविवाहित आहे का, ते विचारून घ्या. ज्या घटकेला नातीला आजीचं मरण कळतं, त्याच घटकेला आजी नातीचं लग्न ठरवत असते. हे एवढं लिहायला दहा ओळी लागल्या. पडद्यावर दोन-चार वाक्यांत होतं.

ही युक्ती आपण रोज वापरतो. डॉक्टर आणि मुलगा आईच्या देखत इंग्रजीत बोलतात. मेटास्टॅसिस, पॅलिएटिव्ह, प्रॉग्नॉसिस. आई खिडकीबाहेर बघत असते. आई एलआयसीतून निवृत्त झालेली असते, हयातभर इंग्रजी फायली तिने वाचलेल्या असतात, मृत्यूचे दावे निकालात काढलेले असतात. पण मुलाचा समज असा की अंगावर हॉस्पिटलचा हिरवा गाऊन चढला की माणूस इंग्रजी विसरतो. आणि हॉस्पिटलांच्या नावांचं काय करायचं? परळचं टाटा 1941 पासून उभं आहे. गावाकडून मुंबईत आणलेल्या माणसाला “नुसती तपासणी आहे” म्हणून तिथे नेतात. टॅक्सीवाल्याला “टाटा” म्हणताक्षणी तोसुद्धा आरशातून मागे बघतो. पण पेशंटला म्हणे काही कळत नाही.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीवर डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि धडधाकट मनाच्या पेशंटची संमती पेशंटनेच द्यायची, आईने नाही. उत्तम निकाल. फाइल मात्र अजून नातेवाइकाच्या काखेत असते आणि “पेशंटबरोबर कोण आहे?” हा प्रश्न पेशंटच्या डोक्यावरून विचारला जातो.

बिली हाच मुद्दा मांडते. हे चूक आहे, आजीला काही उरकायचं असेल, कुणाचा निरोप घ्यायचा असेल. त्यावर जपानमधला काका तिला समजावतो. तुम्ही पश्चिमेकडे गेलात, तुम्हाला वाटतं माणसाचं आयुष्य त्याचं एकट्याचं. पूर्वेकडे आयुष्य हा एका मोठ्या पसाऱ्याचा तुकडा असतो. हे ओझं तिचं तिने वाहू नये म्हणून आपण वाहायचं. प्रसंग छान आहे, काका मनापासून बोलतो, आणि जगभरच्या समीक्षकांनी हा परिच्छेद उचलून पूर्व-पश्चिमेचे निबंध लिहिले.

काकांचा मान राखून सांगतो, हे काही खरं नाही. 1961 साली शिकागोतल्या एका हॉस्पिटलात दोनशेहून जास्त डॉक्टरांना विचारलं होतं, तुम्ही पेशंटला कॅन्सर झाल्याचं सांगता का? सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. शिकागो, काका. अमेरिकेच्या पोटात. 1979 मध्ये तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत सूर्य पूर्वेचा पश्चिमेला गेला काय? मधल्या काळात उपचार सुधारले, पेशंटच्या हक्कांची भाषा आली, कोर्टं आली. म्हणजे ही दिशेची नाही, सालाची गोष्ट आहे. कुरोसावाच्या ‘इकिरू’मध्ये, 1952 साली, दवाखान्याच्या बाकावर बसलेला एक आगाऊ माणूस नायकाला आधीच सांगून ठेवतो की डॉक्टर “साधा अल्सर आहे” म्हणाला की समजून जायचं. आत गेल्यावर डॉक्टर अक्षरशः तेच म्हणतो. आणि जपानच्या सम्राट हिरोहितोंना 1989 साली मरेपर्यंत त्यांच्या कॅन्सरचं नाव कुणी सांगितलं नाही. सम्राटाची ही गत, तर चांगचुनच्या नाय नायची काय कथा.

आपल्या सिनेमाने या प्रश्नाला कधी कसं हाताळलं? ‘आनंद’ने 1971 मध्ये तो सोडवूनच टाकला. तिथे मरणाऱ्यालाच सगळं ठाऊक, तोच सगळ्यांची समजूत काढतो, रडण्याचं खातं डॉक्टरकडे. त्यानंतर हिंदीत कित्येक वर्षं प्रत्येक पेशंट हसरा आणि प्रत्येक डॉक्टर दाढी वाढवलेला. मराठीत 2004 च्या ‘श्वास’ने मात्र तो प्रश्न नेमका समोरून धरला. सात-आठ वर्षांच्या पोराला डोळ्यांचा कॅन्सर, डोळे काढावे लागणार, आणि डॉक्टर हटून बसतो की शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगायचं. सांगणार कोण? आजोबा. ‘द फेअरवेल’मध्ये आजीला सांगायचं नाही म्हणून अख्खं खानदान राबतं, ‘श्वास’मध्ये नातवाला सांगायचं म्हणून एक आजोबा एकटा तुटत जातो. दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले तर उरलेला आठवडा घरात कुणाशी धड बोलता येणार नाही, तेव्हा मधे थोडे दिवस जाऊ द्यावेत. आणि त्या मधल्या दिवसांत राजेश मापुस्करांचा 2016 चा ‘व्हेंटिलेटर’ बघून घ्यावा. तिथे तोंडावर गणपती आलेत, काका व्हेंटिलेटरवर आहेत, आणि नातेवाइकांना चिंता पडलीय ती सुतकाची. काका जाण्याला कुणाची हरकत नाही, तारखेला आहे.

लुलू वांगच्या सिनेमातलं घर याहून सभ्य वागतं, पण जेवणाच्या टेबलावर तेही उघडं पडतं. एक बाई मुलाला अमेरिकेत शिकायला पाठवणार आहे. चीन किती पुढे गेलाय, इथे किती पैसा आहे, तुम्ही उगीच गेलात, हेही तीच सांगते. मग इतकं चांगलंय तर मुलाला कशाला पाठवताय, असा साधा प्रश्न बिलीची आई विचारते आणि टेबलावर चमच्यांचे आवाज येतात. सदाशिव पेठेत हाच संवाद दर डिसेंबरात होतो, भारतवारीवर आलेल्यांच्या स्वागतार्थ. हॉटेलातला पोऱ्यासुद्धा बंद पडलेल्या लिफ्टपायी बिलीची बॅग जिन्यावरून चढवताना विचारतो, अमेरिका बरी की चीन? ती म्हणते, वेगळे आहेत. तो पिच्छा सोडत नाही. परदेशी राहिलेल्या माणसाला मायदेशात या प्रश्नातून सुटका नाही, विचारणाऱ्याने घाम गाळत त्याची बॅग उचललेली असली तरी.

सिनेमा निर्दोष नाही. खोलीत शिरलेली चिमणी काहीतरी सुचवत राहते, काय ते विचारू नका, मला चिमणी हुसकून लावावीशी वाटली. सगळं कुटुंब स्लो मोशनमध्ये कॅमेऱ्याकडे चालत येतं तो शॉट फार ठरवून केलाय. आणि नवरा-नवरीवर दिग्दर्शिकेने अन्यायच केलाय. हाओ हाओ मेजवानीत दारू पिऊन ढसाढसा रडतो, लोकांना वाटतं आनंदाश्रू, आणि हा प्रसंग इतका चांगला आहे की या पोराला अजून दोन प्रसंग मिळायला हवे होते असं वाटत राहतं. आइको तर सिनेमाभर हसून मान डोलवते. तीन महिन्यांच्या ओळखीवर परक्या देशात, परक्या भाषेत, एका परक्या म्हातारीच्या मरणासाठी लग्नाला उभी राहिलेली ही पोरगी काय विचार करत असेल? तिच्यावर एक वेगळा सिनेमा निघायला हवा.

हा सिनेमाही सहजी निघालेला नाही. लुलू वांगने मुलाखतींत सांगितलंय की पैसे घालू पाहणाऱ्यांनी नायिकेला एक गोरा प्रियकर देण्याची सूचना केली होती. आजी मरतेय, घर खोटं बोलतंय, आणि यांना तिथे एक गोरा जावई हवा. ती नाही म्हणाली. 2016 मध्ये तिने ही गोष्ट ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमात नुसती बोलून सांगितली, आणि त्यानंतर सिनेमाचं दार उघडलं. चीनमधलं चित्रीकरण चांगचुनमध्येच, तिच्या आजीच्या वस्तीत. नाय नायच्या धाकट्या बहिणीचं काम केलंय लू होंग यांनी, आणि त्या खरोखरच दिग्दर्शिकेच्या आजीच्या धाकट्या बहीण आहेत. म्हणजे जिने मूळ थाप मारली, तिनेच ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर मारली. रिहर्सलची गरज पडली नसावी.

मग पुरस्कारवाले आले. बहुतेक संवाद चिनी म्हणून गोल्डन ग्लोबने या अमेरिकन सिनेमाला परभाषी गटात बसवलं. ऑक्वाफिनाला अभिनयाचं गोल्डन ग्लोब मिळालं, 2020 मध्ये, विनोदी सिनेमांच्या गटात. इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम सिनेमा ठरला, झाओ शुझेन यांनाही सहायक भूमिकेचा पुरस्कार मिळाला. ऑस्करला एकही नामांकन नाही. ऑस्करवाल्यांना कदाचित कुणी सांगितलंच नसेल.

सिनेमात मधेच एक गोष्ट हळूच कळते. आजोबांना कॅन्सर झाला होता तेव्हा नाय नायनेही त्यांच्यापासून अखेरपर्यंत लपवलं होतं. म्हणजे जी बाई या खेळात मुरलेली आहे, तिच्यावरच हा खेळ चाललाय. मग तिला खरंच कळलेलं नाही? की पंचवीस वर्षांनी दोन्ही पोरं एका टेबलावर जेवतायत, ते मोडायला नको म्हणून तीही निभावून नेतेय? सिनेमा सांगत नाही. लग्नाच्या दिवशी रिपोर्ट आणायला नाय नाय घरकामाच्या बाईला पाठवते, आणि बिली, जिला खरं सांगायचं होतं तीच बिली, तो कागद आजीच्या हाती पडू नये म्हणून रस्त्यावरून जीव घेऊन धावते. तत्त्वं अशी धावताना गळून पडतात.

आणि इथे मला आपल्या घरांची काळजी वाटते. खोटं बोलणं चूक की बरोबर हे राहू द्या, खोटं बोलायला माणसं कुठे आहेत? एक मुलगा सिअॅटलला, एक मुलगी बंगळुरूला, घरात आई आणि ब्युरोकडून आलेल्या मावशी. डॉक्टर कुणाला बाहेर बोलावणार? मावशींना? व्हिडिओ कॉलवर चेहरा सांभाळणं सोपं असतं, कॅमेरा बंद करून “नेटवर्क नाहीये गं” म्हणता येतं. पण त्या थापेत कुणी वाडगा पुढे करत नाही, कुणी खेकड्यांवरून भांडत नाही. शेवटी आईला तिचा रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो, पीडीएफमध्ये, आणि खाली लिहिलेलं असतं की कृपया आम्हाला पाच तारे द्या.

तर बघाच. पावणेदोन तासही नाही. सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तरी बघा, निम्मा सिनेमा चेहऱ्यांवरच आहे. आईबरोबर बघावा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ती शेजारी बसली असेल तर रिपोर्टच्या प्रसंगाला तिच्याकडे बघू नका. ती तुमच्याकडे बघत असण्याची शक्यता आहे. आणि रडू आलं तर स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची जुनी युक्ती करू नका, त्या युक्तीचा शोध तिनेच लावलेला आहे.

अगदी शेवटी, नावं सुरू व्हायच्या आधी, पडद्यावर एक ओळ येते. ती वाचून मी अंधारात मोठ्याने काहीतरी बोललो आणि शेजारचा दचकला. ती ओळ काय आहे हे मला ठाऊक आहे, सिनेमा पाहिलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला मात्र सांगणार नाही. तुमच्या भल्यासाठीच.